मा. शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: देवी रोगाची साथ इतिहासाच्या तासालाही शिकवा

मा. शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

अभ्यासक्रम बदलायचा झाला की इतिहासाच्या पुस्तकातून कोणाला वगळले आणि कोणाला घुसवले यावर रण माजते. माझी मागणी त्या रणातली नाही. कोलंबसानंतरच्या शे-दीडशे वर्षांचे जे प्रकरण आपण शिकवतो, त्यात रोगराईला तिची जागा मिळावी. आणि ती देताना सगळे खापर जंतूंवर फोडून माणसांना मोकळे सोडले जाऊ नये, एवढेच मागणे आहे. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण पहिला हल्ली कोणीही मान्य करतो.

आज वर्गात काय होते? इतिहासाच्या तासाला मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस येतो, सोबत घोडे, तोफा, पोलादी तलवारी, आणि मूठभर स्पॅनिश लोक लाखोंचे साम्राज्य घशात घालतात. विज्ञानाच्या तासाला देवी, गोवर, जेन्नर आणि लस. दोन्ही तास एकाच वर्गात, कधीकधी लागोपाठ होतात आणि एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, यांनी नेलेल्या रोगाने तिकडचे मेले, तर तिकडच्या रोगाने हे का नाही मेले?" इतिहासाचे सर म्हणतात, विज्ञानाच्या बाईंना विचार. बाई म्हणतात, हे पोर्शनमध्ये नाही.

प्रश्न मात्र अचूक आहे, म्हणून मेक्सिकोपासूनच सुरुवात करतो. 30 जून 1520 च्या रात्री कोर्तेसला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान सोडून पळ काढावा लागला. शेकडो स्पॅनिश सैनिक त्या रात्री कापले गेले किंवा तलावात बुडाले. म्हणजे घोडे आणि तोफा जवळ असून तो हरला होता. पण त्याच वर्षी, त्यालाच वेसण घालायला क्यूबाहून निघालेल्या नार्वाएसच्या ताफ्याबरोबर, देवीची साथ किनाऱ्यावर उतरली होती. काही महिन्यांत ती राजधानीत पोचली आणि सुमारे दोन महिने तिथे ठाण मांडून बसली. अझ्टेक सम्राट मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लावाक जेमतेम 80 दिवस राज्य करून देवीनेच गेला. कोर्तेसचा पाठीराखा, अझ्टेकांच्या शत्रूराज्याचा, म्हणजे त्लाश्कालाचा सरदार माशिश्कात्सिन, तोही त्याच साथीत गेला. रोगाने शत्रू-मित्र पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी वेढा पडला आणि 13 ऑगस्ट 1521 रोजी शहर पडले. त्या वेढ्यात कोर्तेसच्या बाजूने लढणारे बहुसंख्य लोक स्पॅनिश नव्हते, त्लाश्काला आणि शेजारच्या राज्यांतले होते, हेही पुस्तकात यायला हवे.

या साथीच्या आठवणी मेक्सिकोतल्या मूळच्या नाहुआ लोकांतल्या जाणत्यांनी पुढे साहागुन नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याला सांगितल्या. डोक्यापासून पायापर्यंत फोड, कूस बदलता येत नाही, कोणी हलवले की किंकाळी. आणि पुष्कळ माणसे भुकेने मेली, असेही त्यांनी सांगितले आहे, कारण उठून चार घास भरवील असे घरात कोणी उरलेच नव्हते.

हे शेवटचे वाक्य मुलांना नीट समजावून सांगण्यासारखे आहे. युरोपात देवी हा तोवर बालपणीचा रोग झाला होता. मूल आजारी पडे, कित्येक मुले दगावत, पण घरातली मोठी माणसे लहानपणीच त्यातून गेलेली असत. ती पाणी भरत, चूल पेटवत, शेत नांगरत. जिथे रोग पहिल्यांदाच येतो तिथे आजी, आई, बाप आणि पोर सगळे एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळतात. पेरणी हुकते. पुढच्या वर्षीचा दुष्काळ तिथूनच सुरू होतो.

"त्या लोकांचे रक्तच कमकुवत होते" हा समज यावरच तुटतो, आणि तो तोडायला युरोपातलेच उदाहरण आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर 1781 मध्ये गोवर येऊन गेला होता. नंतर 65 वर्षे नाही. 1846 मध्ये तो डेन्मार्कहून परत आला, तेव्हा सुमारे 7,800 लोकवस्तीपैकी 6,000 हून अधिक लोक आजारी पडले. पाहणीला गेलेला पीटर पानुम हा तरुण डॉक्टर गावोगाव फिरला आणि त्याला एक गोष्ट आढळली: 1781 मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता, अशा म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, आणि त्या वेळी ज्यांना तो झालाच नव्हता, ते तितकेच म्हातारे असूनही आता आजारी पडले. तेच बेट, तेच वंश, तेच अन्न. फरक एवढाच की शरीराची त्या विषाणूशी आधी गाठ पडली होती की नाही. जनुकांचा काहीच वाटा नसतो असे मी म्हणत नाही, पण मुख्य गोष्ट ही आहे.

फॅरोमध्ये माणसे मेली, तरी समाज टिकला. 1875 मध्ये फिजीत तोच गोवर आला तेव्हा दीडेक लाखांपैकी अंदाजे 40,000 लोक गेले. बेटे नुकतीच ब्रिटिशांनी ताब्यात घेतली होती. सिडनीच्या भेटीहून ब्रिटिश युद्धनौकेने परतलेल्या राजा थाकोम्बाऊच्या घरात गोवर होता, तरी कोणालाही वेगळे ठेवले नाही, आणि ठिकठिकाणचे सरदार भेटून आपापल्या गावी गेले ते रोग घेऊनच. जहाज किनाऱ्यापासून दूर थांबवण्याची पद्धत तोवर शतकानुशतके माहीत होती. एका कारकुनी हलगर्जीपणाचे मोल किती, ते इथे दिसते.

आता खापराकडे येतो. कोलंबस 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला, पण देवीची पहिली नोंदलेली मोठी साथ त्यांतल्याच हिस्पॅनिओला बेटावर 1518 च्या डिसेंबरात आली. मधे 26 वर्षे गेली. कारण साधे आहे: अटलांटिक ओलांडायला पाचेक आठवडे लागत. देवी अंगात बारा-एक दिवस दबा धरते, मग दोन-तीन आठवडे आजार. जहाजावरचे बहुतेक खलाशी लहानपणीच त्यातून गेलेले, त्यामुळे किनारा येईपर्यंत रोगाला नवे शरीर मिळत नसे आणि साखळी समुद्रातच तुटे. पण 1514 मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी मजूर वाटून देण्यासाठी त्या बेटावरच्या ताइनो लोकांची मोजदाद केली, तेव्हा ते अवघे 26,000 च्या आसपास भरले होते. मूळ संख्या किती यावर वाद आहे, पण ती काही लाखांच्या घरात होती हे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे देवी यायच्या आधीच बेट रिकामे होत आले होते. सोन्याच्या खाणीतली वेठबिगार, ताटातूट झालेली कुटुंबे, ओसाड पडलेली कसाव्याची शेते, आणि जोडीला वसाहतवाल्यांबरोबर आलेले इतर ताप. एकट्या देवीने हे केले म्हणणे म्हणजे आरोपीला पिंजऱ्यातून बाहेर काढण्यासारखे आहे.

1545 पासून मेक्सिकोत आलेली कोकोलिस्त्ली नावाची साथ देवीहूनही भयंकर होती असे मानतात. ओआहाकातल्या तेपोस्कोलुला-युकुंदा इथल्या दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या दातांत विषमज्वराच्या कुळातल्या एका जंतूचा डीएनए सापडल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. हा जंतू दूषित अन्नपाण्यातून पसरतो. विखुरलेल्या वस्त्या मोडून, माणसे एकत्र गोळा करून बसवण्याचा कारभार चालू असताना असा रोग फोफावला, यात नवल कसले?

उलट बाजूचा अतिरेकही नको. 1763 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फोर्ट पिट या किल्ल्यात इंग्रजांनी देवीच्या रुग्णांची ब्लँकेटे मुद्दाम मूळ रहिवाशांच्या हाती दिली, हे त्यांच्याच नोंदींत आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण त्यावरून सगळ्याच साथी मुद्दाम पसरवल्या असे मुलांना वाटू देऊ नये. 1520 मध्ये विषाणू म्हणजे काय हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नव्हते. वेठबिगार म्हणजे काय, हे मात्र सर्वांना ठाऊक होते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. तिकडचे रोग इकडे का आले नाहीत? गोवरासारखा रोग टिकून राहायला सलग अडीच ते पाच लाखांची वस्ती लागते, शिवाय असे काही रोग गुराढोरांकडून माणसांत आले. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. अमेरिकेत शहरे मोठी होती, पण पाळीव कळपांचे प्राणी म्हणावे तर लामा आणि अल्पाका. त्यातही सगळी वाट एकतर्फी नव्हती. 1495 च्या सुमारास नेपल्सहून युरोपभर भडकलेल्या उपदंशाचे मूळ अमेरिकेत असावे याकडे प्राचीन हाडांतला डीएनए झुकतो. आणि क्षयाची गंमत पाहा: पेरूतल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत सापडलेला क्षयाचा जंतू सील आणि समुद्रसिंहांच्या जंतूचा सख्खा निघाला. तो जहाजातून आलाच नाही, पोहत आला. हे ऐकून वर्ग झोपणार नाही, याची हमी देतो.

लोकसंख्येचे आकडे छापताना एकच आकडा छापू नये. 1492 पूर्वीच्या अमेरिकेचे अंदाज 80 लाखांपासून 10 कोटींच्याही पुढे जातात. 2019 मधल्या एका अभ्यासाने सुमारे 6 कोटी धरून 1600 पर्यंत 90 टक्के घट मांडली. अंदाज कसा बांधतात, करवसुलीच्या वह्या आणि जमिनीतले परागकण काय सांगतात, हे शिकवले तर मुले आकड्याकडे संशयाने पाहायला शिकतील.

रिकाम्या झालेल्या जमिनीवर ऊस लावायला माणसे आफ्रिकेतून आणली गेली. सुमारे 1 कोटी 25 लाख लोकांना जहाजांवर चढवले, त्यांतले जवळपास 18 लाख वाटेतच मेले. त्याच जहाजांच्या पाण्याच्या पिंपांतून पीतज्वराचा डासही गेला, आणि तिथे फासा उलटा पडला. हेती या फ्रेंच वसाहतीत गुलामांचा उठाव चिरडायला नेपोलियनने पाठवलेले सैन्य पीतज्वराने सडले; सेनापती लेक्लेर्क स्वतः नोव्हेंबर 1802 मध्ये त्यानेच गेला. 1803 मध्ये नेपोलियनने उत्तर अमेरिकेतला लुइझियाना प्रदेश विकून टाकला आणि 1 जानेवारी 1804 ला हेती स्वतंत्र झाला. पश्चिम आफ्रिकेच्या आत युरोपीय शतकानुशतके शिरू शकले नाहीत तेही तापामुळेच. 1841 च्या, नायजर नदीवरच्या ब्रिटिश मोहिमेतले सुमारे एक तृतीयांश युरोपीय मेले. 1854 मध्ये त्याच नदीवर गेलेल्या बेकीच्या मोहिमेने रोज क्विनाईन हे हिवतापावरचे औषध घेतले आणि तापाने एकही दगावला नाही. क्विनाईन ज्या सिंकोनाच्या सालीतून येते तो वृक्ष अँडीज पर्वतातला. एका खंडाच्या झाडाने दुसऱ्या खंडाचे दार तिसऱ्यासाठी उघडले.

हे सगळे आजही शरीरात लिहिलेले आहे. सिकलसेल या रक्तविकाराचे एकच जनुक असलेल्याला तीव्र हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. मेक्सिकोतल्या मिश्र वंशाच्या लोकांत फक्त आईकडूनच येणारा डीएनए बहुतांशी मूळ अमेरिकी असतो, तर वडिलांकडून येणारे वाय गुणसूत्र मोठ्या प्रमाणात युरोपीय. हा फरक जंतूंनी केलेला नाही. तो का पडला, हे दहावीच्या मुलांशी बोलायला अवघड आहे, पण बोलावे लागेल.

आणि 1803 मधले ते जहाजही शिकवा. डॉ. बाल्मिस यांना स्पेनहून अमेरिकेला देवीची लस न्यायची होती, पण लस वाटेत टिकत नसे. म्हणून ला कोरुन्याहून 22 अनाथ मुलगे घेतले, तीन ते नऊ वर्षांचे. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचे, फोड पिकले की त्यातला द्रव पुढच्या दोघांना. त्यांच्या काळजीला इसाबेल सेंदाल ही अनाथालयाची प्रमुख सोबत होती. लस पोचली, असंख्य जीव वाचले. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांना पुढे मेक्सिकोतच ठेवले गेले. देवी 1980 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले, त्या वाटेवरचा हाही एक टप्पा.

करायचे काय, तर फार नाही. प्रकरण एकच, पण ते इतिहास आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून लिहावे आणि दोघांनी मिळून शिकवावे, त्यासाठी वेळापत्रकात चार जोडतास द्यावेत. शिक्षक प्रशिक्षणात त्याचे एक सत्र असावे, नाहीतर प्रकरण छापले जाईल आणि "वाचून घ्या" म्हणून सुटेल. आणि परीक्षेत "अमेरिकेचा शोध कोणी लावला?" या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी चार गुणांचा हा प्रश्न विचारावा: "हिस्पॅनिओलात 1514 ची मोजदाद आणि 1518 ची साथ यांच्या आधारे, तिथली लोकसंख्या का घटली ते स्पष्ट करा." उत्तरपत्रिका तपासायला वेळ जास्त लागेल, ही तक्रार माझ्यासारख्यांकडूनच येईल. ती ऐकून घ्यावी आणि प्रश्न तसाच ठेवावा.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक