निवारा केंद्रातील पाणी आणि शौचालये कोणाच्या जबाबदारीवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळापूर्व आढावा बैठकांच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. नालेसफाईची टक्केवारी, बोटी आणि पंपांची संख्या, नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक हे सारे त्यांत असते. पण शाळेत हलवलेल्या पूरग्रस्त कुटुंबांचे पिण्याचे पाणी, शौचालये आणि स्वच्छता यांची एकत्रित जबाबदारी नावानिशी कोणावर आहे, हे सापडत नाही. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठा नदीचे पाणी शिरले. जानेवारी २०२५मध्ये त्याच सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. दोन्ही घटनांचे कारण वेगळे असले, तरी पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा आणि आरोग्य या चार विभागांना दोन्ही वेळा एकाच वस्तीत काम करावे लागले, आणि चौघांचे वरिष्ठ चार वेगवेगळे होते.

जगभरच्या मदतकार्यात ही अडचण जुनी आहे. १९९४मध्ये तेव्हाच्या झैरेतील (आताच्या काँगोतील) गोमा येथे रवांडातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याने हजारो बळी घेतले. त्यानंतर स्वयंसेवी संस्थांनी ‘स्फिअर’ या नावाने किमान मानके ठरवली, तर २००५ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत पाणी व स्वच्छतेच्या समन्वयाचे नेतृत्व युनिसेफकडे आले. तरीही जो समन्वयक आपल्या संस्थेचे कामही पाहतो आणि सर्वांचा समन्वयही करतो, त्याच्या हातून समन्वयच आधी सुटतो, हा अनुभव तिथे वारंवार आला. आपल्याकडे वेगळे काय होणार? ज्या उपअभियंत्याला फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करायची आहे, त्यालाच रात्रीच्या बैठकीत शौचालयांचा हिशेब मागितला, तर तो जलवाहिनीकडेच धावणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

मनुष्यबळ कुठे कमी पडते, हे साध्या गणितातूनही दिसते. ‘स्फिअर’नुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते, म्हणजे ४०० जणांच्या केंद्राला ६,००० लिटर, दहा हजार लिटरचा एक टँकर ही गरज सहज भागवतो. शौचालये मात्र सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक, म्हणजे ८, आणि मुक्काम लांबल्यास २० माणसांमागे एक, म्हणजे २० लागतात. लहान मुलांसाठी बांधलेल्या शाळेत तेवढी कुठून असणार? फिरती शौचालये आणून उभी केली, तरी ती दिवसातून अनेकदा धुणारे हात, मैला उपसणारी गाडी आणि रात्री बायकांना निर्धास्तपणे जाता येईल असा उजेड यांची तजवीज आधी झालेली नसते. टँकर पोहोचल्याचे छायाचित्र छापून येते, तुंबलेल्या शौचालयाचे येत नाही. मदतीचा ओघही बहुधा त्याच क्रमाने वाहतो.

टँकरच्या पाण्यातही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणजे काम झाले, असे नाही. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळावे लागते, क्लोरीनला अर्धा तास द्यावा लागतो, आणि नळाच्या तोंडाशी ओ.टी. चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे पाहणारी) करून निकाल वहीत नोंदवावा लागतो. ही वही प्रत्येक पाळीने पुढच्या पाळीच्या हाती सोपवली पाहिजे. आज मुख्यालयातून आलेला कर्मचारी परवा परत जातो आणि कोणत्या टाकीत क्लोरीन आढळले नव्हते, ही माहितीही त्याच्याबरोबरच जाते.

म्हणून माझी सूचना अशी की, महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने पावसाळ्यापूर्वी एक पथक नावांसह जाहीर करावे. त्याच्या समन्वयकाकडे आपत्तीच्या काळात दुसरे कोणतेही काम नसावे, चारही विभागांच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना आदेश देण्याचा लेखी अधिकार त्याला असावा, आणि त्याच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्याचे नावही ठरलेले असावे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील २०२५च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. हा अधिकार त्या चौकटीत बसवता येईल.

पथकातील स्वच्छता प्रबोधनाचे काम आशा सेविका आणि वस्तीतल्याच स्त्रियांकडे द्यावे. छावणीत दर हजार माणसांमागे अशा किमान दोन व्यक्ती असाव्यात, असा संकेत आहे. सॅनिटरी पॅड कुठे टाकायचे, शौचालयाला आतून कडी आहे का, हे प्रश्न पुरुष अभियंत्यापुढे कोणी काढत नाही. त्यांचा मोबदला आधीच ठरवावा. सफाई कामगारांचा विचार तर आणखी आधी करावा लागेल. त्यांच्यातील अनेकांची घरे नदी-ओढ्याकाठच्या वस्त्यांत असल्याने पुराच्या दिवशी ते स्वतःच पूरग्रस्त असतात. त्यामुळे पाणी न शिरणाऱ्या भागांतील कामगारांची बदली यादी, गमबूट व हातमोजे, लेप्टोस्पायरोसिसवरील प्रतिबंधक औषधाबाबत वैद्यकीय सल्ला आणि कंत्राटी कामगारांना जादा पाळीचे वेतन ही सोय त्याच आदेशात नमूद व्हावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता,
सिंहगड रस्ता, पुणे