एसी दुरुस्तीला किमान एक दाखला हवा

‘उन्हाळ्याआधी एसीची देखभाल’ हा लेख वाचला. ‘परवानाधारक तंत्रज्ञच बोलवा’ हा त्यातला सल्ला रास्त. पण आपल्याकडे तसा परवानाच कुठे आहे? घरातले वायरिंग करायला राज्य शासनाचा तारतंत्री परवाना लागतो, एसीत गॅस भरणाऱ्याला मात्र दाब मोजणारे गेज आणि सिलिंडर एवढे पुरते. अमेरिकेत हे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतो. न्यूयॉर्क राज्यात तो नाही, शहरे आपापले नियम करतात. तरीही शीतक वायू (एसीतला गॅस) हाताळायचा तर केंद्रीय परीक्षेचा दाखला देशभर सक्तीचा आहे. नेमके हेच आपण उचलावे. आपल्या केंद्र सरकारच्या २०१९च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते, सक्ती नव्हती. आज बऱ्याच नव्या एसींत आर-३२ हा (सौम्य का होईना) ज्वलनशील वायू असतो. जुना वायू हवेत सोडून, नळ्यांतली हवा व ओल काढणारा व्हॅक्यूम पंप न लावताच नवा भरणारे कारागीर सर्रास दिसतात. दोष त्यांचा कमीच. त्यांना शिकवले कोणी? आयटीआयची दोन वर्षे प्रत्येकाला परवडत नाहीत. केंद्राने अल्प मुदतीचे प्रशिक्षण, मराठीसह प्रादेशिक भाषांतून परीक्षा आणि सर्व राज्यांत चालणारा दाखला एवढे तरी करावे.

– एक वाचक, डोंबिवली