दिवे पुढे, गळती मागे

‘फोर बाय फोर’ (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्यांच्या वाढत्या हौसेवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. गाडीला कंपनीबाहेरून काहीही बसवून घेतले की वॉरंटी ‘संपूर्ण रद्द होते’, हे त्यातील सरसकट विधान मात्र पटले नाही. मोठ्या व्यासाचे टायर बसवल्यास व्हील बेअरिंग, ड्राइव्हशाफ्ट आणि क्लचवर जादा ताण येतो, शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. अशा भागांचा दावा कंपनीने नाकारला, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या दारातून पाणी गळू लागले, तेव्हा येथील एका सेवा केंद्राने पुढच्या बंपरवरील जादा दिव्यांकडे बोट दाखवून दावा फेटाळला. (तेही वायर न कापता, तयार कप्लरने (वायर जोडण्याच्या प्लगने) जोडलेले दिवे!) मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध आहेतच, पण बदल कायदेशीर आहे की नाही आणि बिघाड त्यामुळेच झाला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सेवा केंद्राने तांत्रिक कारणासह लेखी द्यायला हवे, अन्यथा ग्राहक आयोगापुढे मांडायचे काय? मी लेखी कारण मागितले, तेव्हा जॉबकार्डाच्या (दुरुस्तीच्या नोंदपत्राच्या) कोपऱ्यात ‘मॉडिफाइड’ एवढा एकच शब्द लिहून मिळाला.

– एक वाहनमालक, ऐरोली, नवी मुंबई