काका, त्या पालथ्या बीकरसाठी

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहेच, पण तेवढ्यावर माझं मन भरलं नाही.

पाण्यातलं शिसं ओळखणारा इलेक्ट्रोड मला करायचा होता. कार्बनच्या ३ मिलिमीटर चकतीवर झिओलाइटचा, म्हणजे बारीक छिद्रांची जाळी असलेल्या खनिजाचा, पातळ थर. झिओलाइटच्या जाळीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे जाळीवर ऋणभार येतो. तो भार फेडायला बसलेले सोडियमचे आयन उठतात आणि त्यांच्या जागी शिशाचे येऊन बसतात. कागदावर सोपंच. प्रत्यक्षात थर वाळला की तडकायचा आणि पाण्यात बुडवला की पापुद्रे सुटायचे. तीन महिने मी नुसती रसायनं बदलत बसले.

एका संध्याकाळी तुम्ही भिंगातून चकती पाहिलीत. "दिव्याखाली वाळवतेस होय? उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळलीये बघ." मग ॲल्युमिनाच्या ओल्या भुकटीवर, इंग्रजी आठाच्या आकारात, तिच्यात माझं बोट दिसेपर्यंत चकती घासून घेतलीत. इलेक्ट्रोड उलटा उभा केलात, झिओलाइट मिसळलेला ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवलात, वर बीकर पालथा घातलात आणि त्याच्या कडेखाली फिल्टर पेपरची घडी सरकवलीत. रात्रभर तसंच. पाणी घाईने उडालं की कण एकमेकांना खेचतात आणि थर फाटतो, हे मी नंतर वाचलं. तुमच्या हातांना ते आधीच ठाऊक होतं.

सकाळी थर अखंड होता! उणे १ व्होल्टला शिसं साठवून विद्युतदाब धनाकडे नेला, तर उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास विद्युतप्रवाहाच्या आलेखात शिशाचं टोकदार शिखर आलं. मी आनंदाने ओरडले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कोऱ्या पाण्यात बघितलंस?" शिसं न घातलेल्या त्या पाण्यातही बारीक शिखर होतं. काचेच्या भांड्यांतूनच शिसं उतरत होतं. सगळी भांडी सौम्य नायट्रिक आम्लात भिजत घालायला लावलीत. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. तुम्ही विचारलं नसतंत, तर मी एखाद्या गावाची चांगली विहीर विषारी ठरवली असती.

तुमच्या सिन्नरच्या विहिरीत निघालेला तो पेंढीसारखा स्टिलबाइट आता माझ्या टेबलावर आहे. तोही झिओलाइटच. तापवल्यावर असा दगड उकळल्यासारखा दिसतो, म्हणून १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी झिओलाइट, म्हणजे ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड', हे नाव दिलं. नव्या मुलांना तो दाखवते, आणि मग आधी चकती घासायला बसवते.

दिवाळीत घरी येतेय. काकूंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी