ताई, पांढऱ्या वस्त्रांत आहे तोवर

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र आजच लिहायला हवं, कारण तुम्हाला हात जोडण्याची मुभा मला आता थोडेच दिवस आहे. येत्या पौर्णिमेला प्रव्रज्या, म्हणजे श्रामणेर (नवशिका भिक्षू) होण्याची दीक्षा. पांढरी वस्त्रं उतरून काषाय अंगावर आलं की गृहस्थाला वंदन करायचं नसतं, मग ती आई असो, शाळेतले गुरुजी असोत की तुम्ही. त्या नियमामागचं कारण मला पटलेलं आहे. पण व्हिसापासून आईच्या परवानगीपर्यंत तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याचे आभार हात जोडूनच मानायचे होते. आणि चारचौघांत अशासाठी, की तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर "बरं बरं, झालं ते" म्हणून तुम्ही नेहमीसारखं मिटवून टाकलं असतं.

आपला पहिला फोन आठवतो? मी थायलंडच्या ईसान या ईशान्य भागातल्या एका अरण्यविहारात पाहुणा म्हणून महिनाभर राहून आलो होतो. पहाटे तीनची घंटा, अनवाणी पिंडपात (भिक्षाटन), दिवसातून एकदा भोजन, आणि बाकीचा वेळ झाडांखालची कुटी. मन ठरलं होतं. राहिला होता फक्त व्हिसा, असं मला वाटत होतं. एका एजंटानं मार्गही सांगितला होता: पर्यटक म्हणून जा, साठ दिवस मिळतील, तीस वाढवून घ्या, मग सीमेपलीकडे जाऊन परत या, पुन्हा तेच. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "अर्जात प्रवासाचं कारण काय लिहिशील?" मी म्हटलं, "पर्यटन." त्यावर तुम्ही म्हणालात, "आणि तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, म्हणशील."

मला राग आला होता, ताई. आज सांगतो. नियम पाळून घेणारी एक बाई, एवढीच तुमच्याबद्दल माझी समजूत झाली. मी तुम्हाला बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींचं उदाहरण दिलं, १९०२ साली ते सिंहलद्वीपाला (श्रीलंकेला) गेले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे प्रव्रज्या घेतली, कागदांपायी अडून बसले नाहीत, वगैरे. तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्यांच्या काळाची अडचण त्यांनी सोसली, तुझ्या काळाची तू सोस."

मग कामाला सुरुवात झाली. धर्माचं काम म्हणून मी व्हिसाच्या अर्जात 'आर' प्रवर्गावर खूण करून बसलो होतो. तुम्ही ती खोडायला लावलीत. तो धर्मप्रचारासाठी जाणाऱ्यांचा. तू शिकायला चालला आहेस, तुझा 'ईडी', शिक्षणाचा. थायलंडच्या वर्गवारीत परदेशी बौद्ध भिक्षूचं अध्ययन शिक्षणात मोडतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगतो, ते वाचून बरं वाटलं. अर्जाच्या रकान्यातसुद्धा मी विद्यार्थीच होतो.

पण तुमचं खरं देणं व्हिसाच्या कागदांत मावणारं नाही. तुम्ही माझ्यापुढे दोन याद्या ठेवल्या होत्या. एक व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची: विहाराचं निमंत्रणपत्र, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, फोटो. दुसरी उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्षू होण्याच्या, वेळी संघ विचारतो त्या प्रश्नांची, विनयातल्या (भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या) महावग्गात आहेत तशी. कुष्ठ, गंड, किलास, क्षय, अपस्मार अशा रोगांपैकी काही आहे का? मनुस्सोसि? पुरिसोसि? भुजिस्सोसि? अणणोसि? नसि राजभटो? अनुञ्ञातोसि मातापितूहि? वीस वर्षं पुरी आहेत का? पात्र-चीवर आहे का? माणूस आहेस ना, पुरुष आहेस ना, स्वतंत्र आहेस ना, कर्जमुक्त आहेस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आईवडिलांची परवानगी आहे ना. आधी संघाच्या बाहेर एक आचार्य हे विचारतात, मग संघासमोर पुन्हा तेच. आणि विचारण्यापूर्वी उमेदवाराला सांगतात: अयं ते सच्चकालो भूतकालो. हा तुझ्या सत्याचा काळ आहे.

"या दुसऱ्या यादीला 'आम, भन्ते', हो भन्ते, म्हणता येईल ना, ते आधी बघू," तुम्ही म्हणालात. "पहिलीचं मग बघू."

मी 'अणणोसि'वर अडकलो. बँकेचे चौदा हप्ते बाकी होते. धाकटा भाऊ फेडणार होता, त्यानं कबूलही केलं होतं, आणि व्हिसाच्या अर्जात हे कुणी विचारतही नव्हतं. तुम्ही विचारलंत, "कागदावर नाव कुणाचं?" माझं. "मग संघासमोर उभा राहशील तेव्हा कर्ज कुणाचं?" मी फोन ठेवला आणि तीन आठवडे तुम्हाला केला नाही. ते तीन आठवडे माझ्या मनात काय काय चाललं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं नोकरी आणखी आठ महिने केली, हप्ते संपवले, बँकेचा ना-हरकत दाखला घेतला. तो दाखला तुम्हाला पाठवला त्या रात्री मला जी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. विनयात हा नियम का आला, तर कर्ज चुकवून भिक्षू झालेल्या एकाला धनकोंनी ओळखलं म्हणून. राजभटाचाही तसाच, बिंबिसाराचे सैनिक सीमेवरची लढाई टाळून प्रव्रजित झाले तेव्हाचा. अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसं माझ्यासारखीच निसटू पाहत होती, हे तुमच्यामुळे कळलं.

आणि आई. वडील नाहीत, त्यामुळे परवानगी एकट्या आईची. विहाराला लेखी हवी होती. मी कागद टाइप करून तिच्यापुढं ठेवला होता, सही कर म्हणून. तुम्ही तो फाडायला सांगितलात आणि आईशी स्वतः बोललात. काय बोललात ते मला पुढं तिच्याकडून कळलं. घरच्यांना न विचारता राहुलाला प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा त्याचे आजोबा शुद्धोदन तथागतांना म्हणाले होते की पुत्रप्रेम कातडी छेदतं, मांस छेदतं, स्नायू, हाडं छेदून मज्जेपर्यंत जातं. म्हणून आईबापांच्या संमतीशिवाय कुणाला प्रव्रज्या देऊ नये. आणि तो नियम झाला. हे ऐकून आई खूप रडली. मग मला म्हणाली, "त्या आजोबांनी माझंच सांगितलं की रे." चार दिवसांनी तिनं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, ओळी वाकड्या, शुद्धलेखनाच्या चुका असलेलं. आजानांनी (आमच्या आचार्यांनी) त्याचं भाषांतर ऐकलं आणि ते बराच वेळ हातात धरून ठेवलं. माझ्या सगळ्या कागदांत खरा कागद तो एकच.

इथं थायलंडला आल्यानंतरचं तर तुम्हाला ठाऊकच आहे, रोज तुम्हालाच विचारत होतो. ९० दिवसांचा मुक्काम, तो संपायच्या आत मुदतवाढ, त्यासाठी विहाराधिपतींची पत्रं आणि राष्ट्रीय बौद्ध कार्यालयाचं पत्र, परदेशी माणूस राहायला आल्याची २४ तासांत विहारानं द्यायची वर्दी, दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद, आणि परतीची परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं तर सगळी मुदतवाढ रद्द. आजान चा यांनी १९७५ साली उबोन प्रांतात परदेशी शिष्यांसाठी वाट पाह नानाचाट हा विहार काढला, तेव्हापासून अशा विहारांत कुणी ना कुणी या फायली सांभाळत आलेलं असणार. मी मात्र अरण्यात कागद नसतात असं धरून चाललो होतो. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचा केसाळ फोटो पाहिला, मग माझं डोकं पाहिलं, भुवयाही नव्हत्या, आणि पुन्हा फोटो पाहिला. तुम्ही आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे मी विहाराचं पत्र पुढं केलं आणि गप्प बसलो.

पैशांचं तुम्ही ज्या नाजूकपणे केलंत, ते मात्र लिहायलाच हवं. श्रामणेराच्या दहाव्या शीलानंतर सोनं-रुपं हाती धरायचं नाही. मग मुदतवाढीचे १,९०० बाट कोण भरणार, कुठून? मी म्हणत होतो, माझ्या खात्यात ठेवतो, लागेल तसे कुणीतरी काढेल. तुम्ही म्हणालात, "मग सोडलंस काय?" खातं बंद करायला लावलंत. जे उरलं ते आईला. आणि व्हिसाच्या खर्चाची तजवीज तुम्ही विहाराच्या कप्पियाकडे (भिक्षूंसाठी व्यवहार सांभाळणाऱ्या गृहस्थाकडे) तुमचं दान म्हणून केलीत, तेही मला न सांगता. मला ते गेल्या महिन्यात कळलं, तेसुद्धा तुमच्याकडून नाही. तेव्हा मी कुटीबाहेर चंक्रमण, चालत ध्यान, करत होतो. त्या दिवशी चंक्रमण नीट झालं नाही.

नव्या भिक्षूनं निदान पाच वर्षं आचार्यांच्या निश्रयात (आश्रयाखाली) राहायचं, वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहायचं, सात रात्रींच्या वर बाहेर राहायचं नाही. आता त्या एजंटाचा मार्ग आठवला की अंगावर काटा येतो. दर तीन महिन्यांनी सीमेवर पळणारा माणूस कुठल्या झाडाखाली बसणार होता? पाच वर्षांचा मुक्काम एका खोट्या शब्दावर उभा केला असता, आणि सच्चकालो ऐकताना तोच शब्द आठवला असता. उपसंपदेला अजून वर्ष आहे. पण ते प्रश्न मी रोज रात्री मनात म्हणतो, आणि एकाही प्रश्नाला मला खाली बघावं लागत नाही. हे तुमचं.

त्या तीन आठवड्यांच्या अबोल्याबद्दल क्षमा मागतो. फोनवर तोडून बोललो त्याबद्दलही. तुम्ही ते मनावर घेतलं नाहीत, पण मागायची ती मागतोच. आणि हे हात जोडले, तीन वेळा, कपाळ जमिनीला टेकवून, कुटीच्या फरशीवर, उत्तरेकडे तोंड करून. आजान दारातून गेले. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

एक कामाचं राहिलं. पुढची पत्त्याची नोंद वर्षावासात येते. मुदतीच्या पंधरा दिवस आधीपासून करता येते, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत, कुठली अडचण नाही. तारीख विहाराच्या वहीत चढवली आहे, आमच्यातले एक भन्ते ती वही बघतात. तेव्हा तुमच्या फोनमध्ये माझ्या नावाचा जो गजर लावलेला आहे, तो आता बंद करा. गेल्या खेपेला तुमचा फोन आला तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते.

तुमचा,
अजून चार दिवस पांढऱ्या वस्त्रांतला अनागारिक