हरणाऱ्याचंही नाव छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रेसलर जॉन सीनाच्या शेवटच्या सामन्याबद्दल वाचकांची पत्रं आपल्या रविवारच्या पानात वाचली. सहापैकी पाच पत्रांचा सूर एकच, सीनाचा अपमान झाला. ज्याच्या टी-शर्टवर ‘नेव्हर गिव्ह अप’ छापलेलं असायचं त्यालाच शेवटच्या दिवशी हात आपटून हार मानायला लावली, म्हणजे प्रेक्षकांच्या तोंडाला पानं पुसली. सहावं पत्र ‘हे सगळं ठरवलेलंच असतं, त्यावर एवढी शाई कशाला’ असं विचारणारं. ते दर वेळी येतंच. त्यांच्यासाठी एवढंच सांगते की 1989 साली हे सामने भरवणाऱ्या कंपनीने (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने) स्वतःच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ही करमणूक आहे, खेळ नाही, असं सांगून सरकारी क्रीडा नियमांतून सुटका मागितली होती. तेव्हा आपण फार मोठं गुपित फोडतोय असं कृपया समजू नये.

माझं म्हणणं त्या पाच जणांशी आहे. 13 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये सीना गुंथरकडून हरला, हे त्याने इतक्या वर्षांत केलेल्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे, माना आणि खांदे हलवते आणि रात्री रेसलिंग बघते. शाळेत असल्यापासून बघते, धाकट्या भावासोबत. तेव्हा ते डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं, 2002 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झालं, आमच्या तोंडात अजून जुनंच नाव येतं. सीनाचा शेवटचा सामनाही आम्ही एकत्रच बघितला, म्हणजे तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी आणि फोन चालू. गुंथरने मागून गळ्याभोवती हात आवळला होता. सीना सुटायचा, पुन्हा अडकायचा. लोक ओरडत होते. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्याने हात आपटला. भाऊ फोनवर ओरडला, “ताई, हसायला काय झालं याला?” आणि फोन ठेवून दिला.

ते हसू मी नंतर चार-पाच वेळा थांबवून पाहिलं. मला ते ओळखीचं आहे. महिनोन्‌महिने गुडघा वाकवायला झगडणारा पेशंट एके दिवशी टेबलावरून उतरून चपला घालतो आणि “आता नाही येणार, मॅडम” म्हणतो, तेव्हा असाच हसतो. त्यात हरल्याची खंत नसते. पुरे झालं, एवढंच असतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने असं हसण्याचा आपल्याला एवढा राग का यावा?

या धंद्याची रीतच आहे की जाणाऱ्याने पाठीवर पडून, म्हणजे हरून जायचं. 2008 साली ऑरलँडोला निरोपाच्या सामन्यात रिक फ्लेअर शॉन मायकल्सपुढे उभा होता, मुठी वर, डोळ्यांत पाणी. मायकल्स आधी त्याची माफी मागतो, मग लाथ मारतो. (पुढे फ्लेअर दुसऱ्या कंपनीत पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि त्या सुंदर निरोपाची माती केली, तो भाग वेगळा.) दोनच वर्षांनी मायकल्सची स्वतःची पाळी आली, समोर अंडरटेकर. धड उभंही राहवत नसताना मायकल्सने त्याच्याच गळा कापायच्या खुणेची नक्कल केली आणि त्याच्या कानाखाली लावली. पुढे काय होणार हे त्याला, आपल्याला आणि अख्ख्या मैदानाला माहीत होतं. त्या दोन्ही रात्री कोणी अपमान झाला म्हटल्याचं मला आठवत नाही. मग सीनालाच वेगळा न्याय का?

एका पत्रलेखकाने सीनाची सतरा विजेतेपदं मांडून ‘असा माणूस हरूच कसा शकतो’ असं विचारलंय. अहो, ते पट्टे कथा लिहिणारे देतात. पट्टे मोजून रेसलर मोठा ठरवणं म्हणजे नाटकात कोण किती वेळा राजा झाला ते मोजून नट मोठा ठरवणं. समोरच्याने मारलेला ठोसा खरा वाटला पाहिजे, ही जबाबदारी खाणाऱ्याची असते. तिकडे याला ‘सेलिंग’ म्हणतात, म्हणजे चक्क मार विकणं. मला तो शब्द आवडतो. माल कुणाचाही असो, दुकान मार खाणाराच चालवतो.

आता पडण्याबद्दल, कारण ते माझ्या कामाचं आहे. रिंग म्हणजे गादी नव्हे. वीस फुटी चौरस, खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला घट्ट लावायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. दोन्ही हात पसरून तळव्यांनी कॅनव्हासवर चापट मारायची आणि श्वास सोडायचा. पाठीचा वरचा सपाट भाग एकदम टेकला तर मार वाटला जातो. कोपर आधी टेकलं किंवा हनुवटी सुटली तर मग पडणारा माझ्यासारखीकडे येतो. हे शिकायला महिने लागतात. माझ्या भावाने नवव्या वर्षी पलंगावरून मारलेल्या उडीत यातलं काहीच केलं नव्हतं. मी बाजूला झाले, त्याने हात आधी टेकवला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्याच्या मते मी जागेवरून हललेच नसते तर काही झालं नसतं. गंमत म्हणजे त्याचं बरोबर आहे. झेलणाऱ्याने जागा सोडायची नसते.

म्हणूनच मला कुणी सर्वांत मोठा रेसलर विचारला की मी ओवेन हार्टचं नाव घेते, आणि ऐकणारा हटकून “ब्रेट म्हणायचंय ना?” असं विचारतो. नाही, त्याचा धाकटा भाऊ ओवेन. 3 ऑगस्ट 1997, समरस्लॅम हा कंपनीचा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम, ओवेन विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. ओवेनने ऑस्टिनला उलटा धरून पाइलड्रायव्हर मारला. चूक ओवेनचीच. ऑस्टिनचं डोकं ओवेनच्या मांड्यांच्या आत लपायला हवं होतं, ते खाली राहिलं आणि तो सरळ डोक्यावर आपटला. ऑस्टिन पडला तो पडलाच. हातपाय हलेनात.

आता पुढचं मिनिट बघा. सामना ऑस्टिनने जिंकायचा ठरलेला आहे, आणि जिंकणारा हलू शकत नाही. ओवेन त्याला हात लावत नाही. रिंगभर फिरतो, प्रेक्षकांकडे बघून हात उडवतो, त्यांना चिडवतो. बघणाऱ्याला वाटावं, माज करतोय. खरं तर तो ऑस्टिनला वेळ देतोय. थोड्या वेळाने ऑस्टिन कोपरांवर सरकत येतो आणि ओवेनला मागून पायात धरून कसाबसा लोळवतो. ती पकड इतकी ढिली की शाळकरी पोरगंही सुटलं असतं. ओवेन सुटत नाही. खांदे टेकवून पडून राहतो, एक, दोन, तीन. मग ऑस्टिनला धरून उभं करावं लागलं.

मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल याचा हिशेब नाही. नव्या सहकाऱ्यांना मानेची दुखापत समजावतानाही दाखवली आहे. त्यांना दिसते मान. मला दिसतो ओवेन. आपल्या हातून काय झालंय ते कळलेला, आत हादरलेला, आणि तरी चेहऱ्यावर खलनायकाचा माज टिकवून हरायची वाट बघणारा. हे काम कुठल्याही विजेतेपदाच्या यादीत मोजलं जात नाही. पुढे 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत छताजवळून खाली उतरवला जात असताना तो रिंगमध्ये कोसळला आणि गेला. कार्यक्रम त्या रात्री पुढे चालूच ठेवला गेला. मी या तमाशाची कितीही बाजू घेते, पण त्या रात्रीची मला घेता येत नाही.

मार विकण्यातला खोडसाळपणाही सांगते, नाहीतर सगळे संतच होते असं वाटायचं. 2005 च्या समरस्लॅममध्ये शॉन मायकल्सला हल्क होगनकडून हरायचं होतं आणि ते त्याला रुचलेलं नव्हतं. मग त्याने काय केलं? होगनचा प्रत्येक धक्का दसपट विकला. साध्या ठोशाला माशासारखा उसळायचा, एका लाथेला रिंगभर लोळायचा. नियमाने पाहिलं तर तो आपलं काम करत होता. प्रत्यक्षात भर मैदानात समोरच्याचं हसं करत होता. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता तो सामना लागला की होगनची कीव येते आणि थोडी स्वतःचीही.

प्रत्येक हार चांगलीच असते असं माझं म्हणणं नाही. 2019 मध्ये कोफी किंग्स्टनला लोकांनी अक्षरशः खांद्यावर घेऊन वर आणलं. अकरा वर्षं मधल्या फळीत काढलेला माणूस रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, डॅनियल ब्रायनला हरवून विजेता झाला, आणि त्याला सर्वांत मोठं करणारा होता हरणारा ब्रायन. सहा महिन्यांनी तोच पट्टा ब्रॉक लेसनरने दहा सेकंदांच्या आत काढून घेतला. एक उचल, एक आपट, संपलं. कोफीला हरवा, पण हरायला वेळ तर द्या! त्या हारेतून लेसनरला काही मिळालं नाही, कारण त्याला काही कमीच नव्हतं. राग धरायचाच असेल तर पत्रलेखकांनी तो इथे धरावा. अंडरटेकरची रेसलमेनियातली सलग एकवीस विजयांची मालिका 2014 मध्ये तुटली तीही लेसनरकडूनच. तेव्हा मी भावाशी आठवडाभर बोलले नव्हते, कारण त्याला ते आवडलं होतं. आजही वाटतं की ती तोडायची संधी एखाद्या नवख्याच्या पदरात पडायला हवी होती.

आणि गुंथर? त्यालाही पडता येतं, हे पत्रलेखक विसरले. 666 दिवस सांभाळलेला इंटरकॉन्टिनेंटल पट्टा त्याने 2024 च्या रेसलमेनियात सॅमी झेनकडे दिला, आणि असा दिला की झेन दुप्पट मोठा दिसला. त्याच झेनला वर्षभर आधी, फेब्रुवारी 2023 मध्ये, त्याच्याच मॉन्ट्रियल गावात रोमन रेन्सकडून हरताना पाहून लोक रडले होते. बायको पहिल्या रांगेत, गावकरी घसा फोडून ओरडतायत आणि हा हरतो. इमारतही तीच, जिथे 1997 मध्ये ब्रेट हार्टला न सांगता घंटा वाजवून हरवलं होतं. तेव्हाही सगळे म्हणाले, झेन संपला. दीड महिन्याने त्याने आणि केविन ओवेन्सने रेसलमेनियाच्या पहिल्या रात्रीचा शेवटचा सामना जिंकला.

ज्यांना सामन्यापेक्षा आपलंच मत मोठं वाटतं, त्या प्रेक्षकांचा मला उबग आला आहे. 2017 च्या समरस्लॅममध्ये चार माणसं जीव तोडून लढत असताना प्रेक्षक समुद्रकिनाऱ्यावरचा फुगवलेला चेंडू एकमेकांकडे टोलवत बसले होते. सिझारो रिंग सोडून थेट प्रेक्षकांत घुसला आणि त्याने तो चेंडू फाडून टाकला. त्या रात्री त्याची जोडी हरली. माझ्या लेखी तोच जिंकला.

एक विनंती. आपल्या पानात निकाल ‘अमुक विजयी’ एवढाच येतो. त्याच ओळीत हरणाऱ्याचं नाव बसतं, मी मोजून पाहिलं आहे.

आणखी एक. याच विषयावर माझ्या भावाचंही पत्र आपल्याकडे आलं असेल. सीनाने जिंकायलाच हवं होतं, असं त्याने तावातावाने लिहिलंय. पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखवलं, निम्मं चूक आहे. पानात जागा एकाच पत्रापुरती असेल तर त्याचं छापा.

आपली,
एक जुनी वाचक