भुंगा आला, तरी फळ का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या मधमाश्या घटल्या म्हणून गच्चीवरच्या बागा फळत नाहीत, अशा आशयाचा मजकूर आपल्या अंकात वाचला. मधमाश्यांची काळजी मलाही आहे. पण फूल गळालं की खापर माशीवर फोडायचं, अशी आपल्याला सवय लागली आहे. त्यामुळे पराग पोहोचल्यावर फुलाच्या आत काय घडतं याकडे कुणी बघतच नाही. ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली, म्हणून लिहायला बसले.

नौपाड्यात आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर पिवळ्या पॅशन फ्रूटचा वेल आहे. रोपवाटिकेतून एकच आणला होता. ‘एक पुरे, मांडव भरून जाईल,’ असं सांगून त्यांनी दिला आणि मांडव खरंच भरला. दुपारी बारा-साडेबाराला वीस-पंचवीस फुलं उघडायची. मोठे काळे भुंगे पाठीवर पिवळी पूड घेऊन या फुलावरून त्या फुलावर जायचे. आणि दोन-तीन दिवसांत देठापासून पिवळी पडून सगळी फुलं खाली. कुणी बोरॉन फवारायला सांगितलं, कुणी पोटॅश घालायला. एका दुकानातून ‘फळधारणेचं टॉनिक’ आणलं, तेही झालं. मी कानातल्या कापसाच्या काडीने स्वतः पराग लावले. काही नाही. मग त्याच वेलाची छाटणी लावून दुसरा वेल वाढवला, म्हटलं दोन झाले की जमेल. छाटणीतून येतो तो तोच वेल असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

शेवटी ऐरोलीला नणंदेकडे गेले. तिचा वेल तिने बाजारातल्या फळाच्या बियांपासून वाढवलेला. दुपारी तिची दोन फुलं खुडून, ओल्या रुमालात ठेवून स्टीलच्या डब्यातून ट्रेनने ठाण्याला आणली. या फुलात मधोमध पराग घेणारी तीन टोकं असतात, त्या कुक्षी. फूल उघडल्यावर त्या हळूहळू खाली वाकतात, अगदी भुंग्याच्या पाठीच्या उंचीला. त्या दिवशी माझ्या वेलाच्या पाच फुलांच्या कुक्षींना मी नणंदेकडच्या फुलांचे पराग लावले आणि देठाला लाल दोरा बांधला. चौथ्या दिवशी चार दोऱ्यांवर हिरवा मणी फुगलेला दिसला. बिनदोऱ्याची फुलं नेहमीसारखी गळून गेली होती. भुंगे तेच, ऊन तेच, माती तीच.

पिवळ्या पॅशन फ्रूटला स्वतःचा पराग चालत नाही. असं वागणारी झाडं पुष्कळ आहेत आणि हा नकार ती कसा देतात, ते वाचून मी थक्क झाले. कोबी आणि मुळ्याच्या कुळात हे सगळ्यात बारकाईने उलगडलं आहे. पराग जिथे तयार होतात त्या परागकोशाच्या आतल्या अस्तरातून एक चिमुकलं प्रथिन स्रवतं आणि परागकणांच्या अंगावर बसतं. कुक्षीच्या वरच्या पेशींवर ते ओळखणारं दुसरं प्रथिन असतं. पराग टेकला की कुक्षी जणू गोत्र विचारते. सगोत्र निघाला तर त्याला पाणीच देत नाही. कोरडा परागकण तिथेच पडून राहतो, रुजत नाही. परागावरचं हे प्रथिन १९९९-२००० मध्ये अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी शोधलं. बियाणं तयार करणाऱ्यांना यातली एक खोच ठाऊक असते. कळी उमलायच्या काही दिवस आधी ती हाताने उघडून त्याच झाडाचा पराग लावला, तर बी धरतं, कारण कोवळ्या कुक्षीवर ओळखणारं प्रथिन अजून पुरेसं तयार झालेलं नसतं.

तंबाखू, पेटुनिया, सफरचंद यांची रीत निराळी. तिथे पराग रुजतो, त्यातून फुटलेली बारीक नळी, म्हणजे परागनलिका, कुक्षीपासून खाली बीजांडाकडे (ज्याचं पुढे बी होतं) जाणाऱ्या दांडीत, म्हणजे कुक्षीवृंतात, शिरते आणि वाटेतच थांबते. कुक्षीवृंतातून स्रवणारं प्रथिन नलिकेत जातं आणि स्वतःच्याच परागाचं आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायला लागणारा रेणू, तोडून टाकतं. म्हणून हिमाचलच्या बागांत मुख्य जातीच्या सफरचंदांमध्ये मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं लावतात.

ही परागनलिका पहिल्यांदा पाहिली ती इटलीचा शास्त्रज्ञ आमीची याने, १८२४ च्या सुमारास, घोळीच्या फुलात. आपण भाजी करतो तीच घोळ. पावसात उपवन तलावाकाठी कणीस खाताना आपण जे रेशीम सोलून टाकतो, त्याचा प्रत्येक धागा म्हणजे एका दाण्याचा कुक्षीवृंत. एवढ्या लांब धाग्यातून नलिका साधारण एका दिवसात खालपर्यंत पोहोचते. कणसात जिथे दाणा नसतो, तिथे बहुधा हा प्रवास पुरा झालेला नसतो.

शेवटच्या टप्प्यावर तर फूल नलिकेला बोलावून घेतं. पावसाळ्यात रोपवाटिकांत जांभळ्या-निळ्या फुलांचा टोरेनिया मिळतो. त्याचा भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी असलेली पिशवी, बीजांडातून किंचित बाहेर आलेला असतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली सगळं दिसतं. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा यांच्या गटाने अंडपेशीशेजारच्या दोन सहायक पेशी लेझरने मारून पाहिल्या. दोन्ही मेल्या की नलिका येईचना. हा प्रयोग २००१ चा. त्या पेशींतून स्रवणारी छोटी प्रथिनं २००९ मध्ये सापडली आणि त्यांना इंग्रजीत ‘आमिष’ या अर्थाचं नाव दिलं गेलं. जिलेटिनच्या थेंबात ते प्रथिन घालून नलिकेच्या टोकाजवळ ठेवलं, तर नलिका तिकडे वळते. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरी वळते. मक्यातही असंच बोलावणारं प्रथिन २००५ मध्ये जर्मनीत सापडलं.

आपल्या देशाचाही यात मोठा वाटा आहे. दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये अफूची बीजांडं परीक्षानळीत ठेवली, कुक्षी वगळून थेट त्यांच्यावर पराग टाकले आणि फलन घडवून दाखवलं. शाळेत आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पराग कुक्षीवर पडला की परागीभवन झालं, एवढी व्याख्या पाठ करून आम्ही धडा मिटला.

मधमाशीचं महत्त्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. दुधी-भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, तिथे माशी हवीच. टोमॅटो-मिरचीला स्वतःचा पराग चालतो. पण जिथे घरचा पराग नाकारला जातो, तिथे शंभर भुंगे आले तरी एकट्या वेलाला फळ धरणार नाही. हा फरक विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. दोन वेगळ्या बियांची रोपं लागतील, एवढं एक वाक्य रोपाच्या पिशवीवर लिहायला काय हरकत आहे? माझी दोन वर्षं आणि टॉनिकचे पैसे वाचले असते.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा की बागकामाच्या पानावर हा विषय घ्यावा. आणि महापालिकेच्या वृक्षवल्ली प्रदर्शनात गुलाबांच्या रांगांशेजारी एक सूक्ष्मदर्शक ठेवावा. गौरीला आपण तेरडा आणतोच. त्याचे पराग काचपट्टीवर साखरेच्या पाण्याच्या थेंबात ठेवले की थोड्याच वेळात त्यांतून नलिका फुटताना दिसतात. मुलं तिथून हलणार नाहीत.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)